डांगराचा वास

पवनीखालच्या वाळूत मे महिन्यात
पाय ठेवायचा तर सातच्या आत.
मी आळ्यांत पाणी घालत होते,
तेव्हा हेमराजचा फोन आला
लडाखच्या वाटेवरून,
जिथे तो बर्फ सारायची मशीन चालवतो.

म्हणाला, बाई, आज मशीन थांबवली.
पात्याखाली बर्फ लाल झाला.
वाटलं, कोनी दबला.
उतरून हातानं उकरलं.
कोनीच नव्हता. वर लाल,
खाली गुलाबी, मंग पांढरा,
फोड कापल्यावानी.
आन वास कशाचा, सांग?

मी सांगितलं नाही.
माझ्या पायाशी सत्तावीस डांगरं होती,
कोल्ह्यांच्या धाकानं पाल्याखाली झाकलेली.

मूठभर खाल्लं, म्हणाला,
आन रातभर डबा घेऊन तंबूच्या बाहीर.
तो हसला. मीही.

मायला पटेना.
माती नाही, खत नाही, कोनं पेरलं?

शेवाळ आहे माय,
घाटाच्या पायरीवर असतं त्याच्याच जातीचं.
मुळात हिरवं. एकेक कण डोळ्याला दिसत नाही.
तिथल्या डॉक्टरनं सांगितलं त्याला:
ऊन फार, सावलीला झाड नाही,
म्हणून लाल होतं,
तू दुपट्टा गुंडाळतेस ना, डोळे तेवढे उघडे, तसं.
लाल झालं की ऊन धरतं,
ऊन धरलं की खालचा बर्फ पाझरतो,
तेवढंच पाणी पितं.

"म्हंजे ज्याच्यावर बसलं
तेच पेते," माय म्हणाली,
आणि नदीकडे पाहत राहिली.

आमची वाडी मृगापर्यंतची.
मग आळी, खोपडी, बाबांचा जुना सदरा घातलेलं बुजगावणं,
सगळं वडशाकडे.
दिवाळीनंतर वाळू पुन्हा उघडी पडते,
पण ती गेल्या वर्षीची नसते.
बाबा दरसाल काठी रोवून
ओल किती खाली गेली ते बघायचे.
बोलायचे नाहीत.

फोन चालूच होता. त्यात नुसता वारा.
मायनं विळ्यानं एक डांगर फोडलं,
मधली फोड काढून
फोनसमोर धरली. "घे."

हेमराज काही बोलला नाही.
रेंज गेली असेल.

मग तिनं फोन उचलून
जिथून आवाज येतो ते टोक
नाकाशी नेलं
आणि तशीच बसून राहिली,
ऊन खोपडीच्या दारात येईपर्यंत.

संध्याकाळी फोनला
मुंग्या लागल्या होत्या.