दोन तारा

वुस्टरला ऑक्टोबर सरता सरता
भिंतीवरचा गोल डबा बिघडला.
रात्री दोनला रेडिएटर इतके तापले की
खिडक्या उघड्या टाकून झोपलो,
आणि पहाटे श्रीरंग अंधारात मोजे शोधत होता,
एका मोज्यागणिक एक शिवी.

झाकण काढलं.
आत काचेची इवलीशी कुपी, तिच्यात पाऱ्याचा थेंब.
गार पडलं की एका अंगाला कलायचा,
दोन टोकं सांधायचा,
आणि खाली तळघरात बॉयलर हुंकार द्यायचा.
आमच्या घरी पारा चढायचा तो माणसांचा.
इथे साठेक वर्षं तो नुसता कलत आला होता.

दुकानात भिंतभर थर्मोस्टॅट.
काळ्या काचेचे, फोनशी बोलणारे,
आपण घरात नाही हे आपोआप ओळखणारे.
मी सगळ्यात देखण्यावर बोट ठेवलं.
काउंटरवरच्या बाईंनी (छातीवर नाव: लोरेटा)
चष्मा कपाळावर सरकवला.
"तारा किती?"
म्हटलं, घर एकोणीसशे चोवीसचं आहे.
"ते नाही विचारलं."

फोटो मोठा करून दाखवला:
एक लाल, एक पांढरी.
"मग हा नाही चालायचा.
याला जागं राहायला सतत थोडी वीज लागते,
आणि गेलेल्या विजेला परत यायला तार लागते.
तुमच्याकडे परतीची तार नाही."

हे त्या खोक्याची पाठ वाचता वाचता म्हणाल्या,
मनात काही नसताना.
मी पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली.

मग पत्रिका मांडल्यासारखी विचारपूस:
गरम हवा, पाणी, का वाफ?
वाफ.
चोवीस व्होल्टच ना? भिंतीतली थेट वीज असेल
तर हात लावू नका बाई.
एसी?
खिडकीतला, तोही शेजाऱ्यांनी टाकून दिलेला.
आमचे छत्तीसांतले एकोणतीस गुण जुळले होते.
तो अडुसष्टला सुखी, मी बहात्तरला,
हे मात्र पत्रिकेच्या कुठल्याच घरात नव्हतं.

शेवटी घेतला तो बत्तीस डॉलरचा,
पांढऱ्या प्लास्टिकचा, रूप यथातथाच,
दोन पेन्सिल सेलवर चालणारा.
कुणाकडे काही मागत नाही,
दर हिवाळ्याआधी सेल बदला, एवढंच.

तळघराच्या जिन्यावरचं लाल बटण बंद केलं.
जुन्या डब्यामागे भिंतीची वर्तुळं निघाली:
आमचा पांढरा, त्याखाली पिस्ता,
त्याखाली गुलाबी फुलांचा कागद,
आणि कागदावर पेन्सिलीनं, इंग्रजीत, ठाशीव:
सहासष्टच्या वर नको. आर्मांड.
त्याखाली तिरक्या, बारीक अक्षरात:
सत्तर.
सही नाही.

श्रीरंग हसला. मग नाही हसला.
मी पेन्सिल मागितली
आणि उरलेल्या जागेत मराठीत लिहिलं:
लाल इकडे, पांढरी तिकडे.
तिसरी नाही. शोधत बसू नये.
वर नवी पट्टी ठोकली. स्क्रू एक उरला.

नव्या डब्यानं आधी विचारलं, घरात चालतं काय?
यादीतून वाफ निवडली.
पुस्तिकेत म्हटलंय, वाफेला घाई करू नका,
ती उशिरा येते,
आणि बंद केल्यावरही बराच वेळ राहते.
आम्ही जिन्यात कोट घालून बसलो,
आकडा एकसष्ट, एकसष्ट, एकसष्ट,
आणि मग पाइपांत कुणीतरी दार ठोठावल्यासारखं.

पारा केरात टाकायचा नसतो.
नगरपालिकेचा दिवस वसंतात येईल,
तोवर कुपी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत,
झाकण घट्ट, फडताळात वर.
श्रीरंग जाता येता ती काढतो,
हलकेच कलती करतो.
थेंब सरकतो, टोकं सांधतो.
खाली काही पेटत नाही.