दोनशेवीस व्होल्ट

होडीचा मागचा पत्रा चिरला, इंजिनाच्या बोल्टापासून खाली.
केसाएवढी रेघ. बोट फिरवलं तर लागायचीही नाही,
पाण्याला मात्र बरोबर सापडायची.

कोडियाकच्या दुकानात ड्वेनने दोन यंत्रं पुढे ओढली.
एक सोपं : पिस्तुलाच्या पाठीवरच तारेचं रीळ,
घोडा दाबायचा, तार आपली येत राहते.
"हात जरा हलला तरी सांभाळून घेतं," तो म्हणाला
आणि बाबांच्या हाताकडे बघितलं.
बाबांनी हात खिशात घातला.

दुसरं महाग. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात काडी, पायाखाली पेडल;
गाडी चालवता चालवता स्वेटर विणण्यातला प्रकार.
"ॲल्युमिनियमवर साय असते, फेन्या," बाबा म्हणाले.
"आतलं वितळून पाणी झालं तरी साय तशीच.
ती खरवडायला वीज पुढे-मागे, पुढे-मागे जावी लागते.
आणि लोखंड तांबडं होऊन आधी सांगतं तरी.
हे पांढरं ते पांढरंच. मग एकदम ओलं दिसतं
आणि पुढच्या क्षणी तुझ्या बुटावर."

कागदी पिशवीवर मी हिशोब मांडला :
आर्गॉनचा सिलिंडर, ओल्ड हार्बरपर्यंतचं बार्जचं भाडं,
शेडमध्ये दोनशेवीसचा एकच प्लग,
तोही कपडे वाळवायच्या मशीनचा.
मी सोपं घेणार होते. पैसेसुद्धा मोजले होते.
बाबा महागाच्या पेडलवर बूट ठेवून उभे,
उगाच, वजन न देता.

पहिले चार दिवस मी जुन्या पातेल्यांच्या झाकणांना भोकं पाडली.
पाचव्या दिवशी ते उलट्या बादलीवर बसले,
पेडल स्वतःकडे ओढून घेतलं.
टॉर्च माझ्या हातात, वीज त्यांच्या पायाखाली.
काचेआड मला एवढंसं तळं दिसत होतं,
त्यांना बहुतेक नुसता आवाज. तरी तळं थरथरायच्या आधीच
त्यांचा पाय उचललेला असायचा.
पायाला कंप नाही. हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

शिवण वाकडी आलीय. मध्ये एके ठिकाणी जाड,
तिथे मला शिंक आली होती.

आता होडीत आतून पाणी भरलंय, पत्र्याखाली वर्तमानपत्र.
बाबा बादलीवरून उठत नाहीत.
दोरीवर आठवड्याचे ओले कपडे.
कागद अजून कोरडा आहे,
एक कोपरा सोडून,
आणि तो कदाचित माझ्याच बाहीने भिजला असेल.