एका रात्रीचं भाडं

स्टँडसमोरच्या लॉजवाल्याने रजिस्टर उघडलं,
पेनाचं टोपण काढलं, विचारलं, "सोबत कोण?"
म्हटलं, बॅग.
त्याने रजिस्टर मिटलं.
पुढच्याकडे खोली होती, सातशेला,
खिडकी उघडली की शेजारची भिंत.
माझ्या वहीत मुक्कामापुढे तीनशे लिहिलेले,
खाली दोन रेघा.

एप्रिल. सकाळचे नऊ,
आणि कुत्र्यांनी आत्ताच सावल्या अडवून ठेवलेल्या.
रसवंतीवर अर्धा ग्लास उभ्यानेच पीत होते,
चरकवाला म्हणाला,
"अशोक चौकाकडं जावा की ओ.
अंबव्वा येमूल म्हणून हायती, बिड्या वळत्यात.
वरचा माळा देत्यात भाड्यानं
परीक्षेला येणाऱ्या पोरीस्नी."

अंबव्वा उंबऱ्याशी, मांडीवर सूप, सुपात पानं.
कात्री पानावर, नजर माझ्यावर.
"कुठनं आलाव?"
परभणी.
"कामाला?"
नाही. किल्ला बघायला. आणि असंच.
"ऊरके," ती आत वळून म्हणाली,
आत कुणीतरी हसलं.
तेलुगूतलं 'असंच' असावं.

"अडीचशे. गरम पाणी धा रुपये.
इतक्या उन्हात कुणी मागत न्हाई, पर सांगून ठिवते.
चादर आमची."
मला एकदम हलकं वाटलं.
इथे कुणी लेक म्हणणार नव्हतं,
कुणी पोटभर वाढून लग्नाचं विचारणार नव्हतं.
अडीचशे दिले, जिना दाखवला गेला.

कार्यालयात मी आवक-जावक लिहिते.
जे येतं त्याला नंबर, जे जातं त्याला नंबर.
वर्षातून चार रजा मात्र
कुठल्याच नंबरात बसत नाहीत.

बाळीवेशीत कडक भाकऱ्यांची चळत घेतली,
पाव किलो शेंगाचटणी, कागदाला तेल फुटलेलं.
दुकानदार म्हणाला, महिनाभर काही होत नाही.
माझं गणित तीन दिवसांचं.
किल्ल्यात बुरुजाच्या सावलीला बसून
पहिली भाकरी मोडली, तर असा आवाज झाला
की पलीकडचं जोडपं दचकून सावरून बसलं.
मी दुसरीकडे तोंड केलं
आणि पुढची जरा हळू मोडली.

संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याशी.
पायरीवर बसायला पैसे पडत नाहीत,
हे मी वहीत लिहून ठेवलं,
खर्चाच्या रकान्यात, शून्य घालून.
पाणी दगडाला लागून हलत होतं.
एक म्हातारा पाय सोडून कानडीत कुणाशी तरी भांडत होता,
फोन दिसला नाही.

रात्री माळ्यावर पत्रा तापलेलाच.
मागच्या शेडमध्ये माग चालू, खटाक खट, खटाक खट,
तासाभराने ऐकू येईनासा झाला
आणि पहाटे थांबला तेव्हा मला जाग आली.
अंगावरची चादर उजेडात पाहिली.
एका जागी धागा चुकलेला,
तिथून पुढची सगळी फुलं बोटभर सरकलेली,
विणणाऱ्याने तेवढ्यापुरती जांभई दिल्यासारखी.
पुढे कुणी ती ओळीत आणली नव्हती.

खाली येऊन विचारलं, ही विकत द्याल?
"दीडशे."
यात खोट आहे.
"म्हणून तर दीडशे.
न्हाईतर आमच्याकडं ऱ्हायली असती का?"
उत्तर नव्हतं. दीडशे दिले.
रिक्षाचे गेले. स्टँडपर्यंत चालत,
चादर काखेत, ऊन डोक्यावर,
आणि मागून तिची हाक: "ओ परभणी,
गरम पाण्याचं धा!"
परत फिरले. मी पाणी घेतलंच नव्हतं.
"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, पान कापत.
तेवढ्यासाठी अर्धा रस्ता परत आले होते.

तेव्हापासून ती माझ्या बॅगेत असते.
परक्या गावात, परक्या गादीवर
दिवा गेला की बोटाने चाचपते,
फुलं कुठून सरकतात ती जागा.
सापडली की झोप येते.

परवा साहेबांनी रजेच्या अर्जावर विचारलं, कारण?
मी लिहिलं होतं, घरगुती.