दुसरं पत्र

पहिलं पत्र केव्हाच गेलं होतं,
राणीच्या चुलतभावाचं,
टपालाच्या घोड्यांवरून, एकशे सत्तावीस प्रांतांत.
तरी लोक विचारतच होते :
हा दिवस पाळायचा की विसरायचा?
कुणी चौदावी धरत होतं, कुणी पंधरावी,
कुणी अजून नुसतीच दारं लावून बसलेलं.

मी मिब्ताया, काजळी धरणारी.
तिळाच्या तेलाच्या दिव्यावर परात उपडी घालायची,
काळं साचलं की पिसाने झाडून डिंकात खलायचं,
शूशनच्या राजवाड्यात माझं काम एवढंच.
त्या रात्री आत बोलावलं,
कारण शाई सरत आली होती
आणि राणीचं सांगणं सरत नव्हतं.

लेखनिक अहिकाम मांडी घालून बसलेला.
बाहेर भिंतीवर निळ्या विटांतले धनुर्धारी,
रोज उभे असतात तसेच उभे.

"सणाला नाव काय देऊ?" अहिकाम म्हणाला.
"मुक्ती? विजय?"
"पुरीम," ती म्हणाली. "फासे.
आपल्या मरणाचा महिना ज्यांनी काढला, ते.
त्याने आधी फासा टाकला, मग फास टांगला.
दान उलटं पडलं.
तर आता दान करा.
लिही तसंच."

अहिकामची लेखणी अडली.
"आणि देवाचं नाव, कितव्या ओळीत?"
"तीन दिवस मी ते उपाशी पोटी धरून होते.
शाईत उतरवायचा धीर होत नाही."

मग ती आसनावरून उठून
आमच्याजवळ गालिच्यावर बसली.
हातातलं कडं काढून ठेवलं, टोचत असावं.
तिचं माहेरचं नाव एका झुडपाचं,
विलायती मेंदीचं,
जिचं पान चुरडल्याशिवाय वास येत नाही.
वाड्यात त्या नावाने तिला कुणी हाक मारत नसे.
पण पत्रात तिने बापाचं नाव घालायला लावलं,
ज्याचा चेहरा तिला आठवत नव्हता.

"लिही : मारलं तो दिवस नव्हे.
हात थांबले, तो दिवस."

शहरात आणखी एक दिवस
राजाकडून तिनेच मागून घेतला होता.
हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.
वात तडतडली. मी तेल घातलं.

"एकमेकांकडे जेवणाची ताटं पाठवा.
गरिबांना द्या."

मला बोलायचा अधिकार नव्हता. तरी बोलले.
"राणीसाहेब, माझ्या शेजारी रुशना राहते,
धोबीण आहे, आपल्यातली नाही.
तिचा थोरला त्या दुसऱ्या दिवशी गेला.
त्याने तलवार उचलली होती की नाही, मला ठाऊक नाही.
ती आता फार गरीब आहे."

अहिकामने माझ्याकडे असं पाहिलं
की माझी जीभ झडावी.
ती बराच वेळ गप्प होती.
काजळीचा एक कण तिच्या पदरावर पडला,
तिने तो झटकला, डाग पसरला.

"लिही," ती म्हणाली, "गरिबांना.
कुणाचे गरीब, ते लिहू नकोस."

शाई पहाटे पुरली, जेमतेम.
घोडे निघाले तेव्हा अंगणात शेणाचा वास होता
आणि एक मोतद्दार उभ्या उभ्या झोपला होता.

तेव्हापासून दर अदार महिन्यात
मी खजूर, भाजलेले हरभरे, तिळाची पोळी
मातीच्या थाळीत घालून रुशनाच्या उंबऱ्यावर ठेवते.
पहिल्या वर्षी कुत्र्याने खाल्लं.
दुसऱ्या वर्षी संध्याकाळपर्यंत थाळी तिथेच,
रात्रीतून आत गेली.
रुशना माझ्याशी बोलत नाही.
नदीवर दिसली तर कपडे जोरात आपटते.

थाळी कधी परत आलेली नाही.
दर वर्षी मी कुंभाराकडून नवी घेते.
तिच्या घरात आता माझ्या आठ थाळ्या आहेत.