नऊ शून्यं

डिसेंबर. नाशिक सहा अंशांवर.
शाळेच्या प्रयोगशाळेत बर्फ आला
गोणपाटात, लाकडाच्या भुशात गुंडाळून.
शिपाई रंगनाथनं तो वरवंट्यानं फोडला
आणि आमच्या टेबलावर कुडकुडत ओतला.
तिवई, जाळी, चंचुपात्र, स्पिरिटचा दिवा.
दर मिनिटाला एक नोंद.

पहिल्या मिनिटाला शून्य.
दुसऱ्या मिनिटाला शून्य.
मी काच पुसली, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला,
तिसऱ्यालाही शून्य.
खाली ज्योत जळत होती ठाम,
बर्फ कडेकडेनं सैल होत होता,
आणि पारा मात्र ओट्यावरच्या म्हाताऱ्यासारखा,
ज्याला कुठंच जायचं नाही.

मला भीती वाटली.
नऊ ओळींत नऊ शून्यं लिहिली
तर सरांना वाटेल, पोरीनं बघितलंच नाही.
म्हणून मी एक जिना बांधला,
शून्य, अर्धा, एक, दीड, दोन,
सुबक, सारख्या पायऱ्यांचा.
त्यावरून कुणीही चढलं असतं.

क्षेमकल्याणी सरांनी वही परत दिली.
लाल शाईत एकच ओळ होती:
'बर्फाची साक्ष तू का बदललीस?'

संध्याकाळी दप्तरासकट दुकानात गेले.
सराफ बाजारातल्या एका बोळात
आमचं गलाईचं दुकान,
खाटेएवढं रुंद, आणि भट्टी.
आप्पा विट्याकडचे. पंधराव्या वर्षी
मामाच्या भात्यामागं नाशकात आले,
बोली तिकडचीच राहिली.

मुशीत चांदी होती, दोनदा शुद्ध केलेली.
आधी काळपट, मग लाल, मग केशरी,
आणि मग रंग थांबला.
भाता चालू, रंग तिथंच.
अर्धी चांदी पाणी, अर्धी अजून दगड,
रंग तिथंच.

"आप्पा, आग वाया चाललीय."

"वाया कुठं? आत चाललीया."

त्यांनी सळईनं एक खडा हलवून बघितला.
"खरी असंल तर एका जागी थांबती
आन् तिथंच समदी पाणी हुती.
भेसळीची आधीच मऊ पडती.
घसरत घसरत वितळती."

मी म्हटलं, पुस्तकात याला नाव आहे,
अप्रकट उष्मा.
आप्पांनी तो शब्द चिमट्यात धरल्यासारखा
इकडून तिकडून बघितला.
"अप्रकट म्हंजी?"
"म्हणजे दिसत नाही असा."
"मला तर दिसतोय की," म्हणाले,
आणि हनुवटीनं दाखवली
कोळशाची पाटी.
दुपारी ती काठोकाठ भरलेली होती.

तेवढ्यात शेवटचा खडा बुडाला
आणि रंग उसळला, पिवळा,
पिवळ्याच्याही पुढचा,
मला मान वळवावी लागली.

मग साच्यात ओतणं.
मग गोठताना चांदी थुंकते,
तडतडून शिंतोडे उडतात,
आप्पांच्या उजव्या हातावर अशा ठिपक्यांची
एक जुनी वस्ती आहे.
"घेतल्यालं परत करतीया," म्हणाले,
आणि फुंकर मारत मनगट चोळत बसले.
साचा विझल्यासारखा दिसत होता
तरी बराच वेळ
त्याच्याजवळ पाय शेकता येत होते.

शनिवारी रंगनाथला गाठलं.
आइसक्रीमवाल्याकडून त्यानं बर्फ आणून दिला,
वर कुरकुरला, पैसे मात्र घेतले नाहीत.
या वेळी दिव्याच्या काचेवर
मी आधी पेन्सिलनं खूण केली.

पहिलं मिनिट: शून्य. स्पिरिट खुणेवर.
चौथं मिनिट: शून्य. स्पिरिट केसभर खाली.
सातवं: शून्य. आणखी खाली.
नववं: शून्य.

बाहेर मधल्या सुट्टीचा गलका.
पात्रात बोराएवढा एक तुकडा उरलेला,
गोल गोल फिरणारा.
मी पेन्सिल खाली ठेवली नाही.