हात लावू नये

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
पत्ते मी वाटते.
माणसांना नाही, यंत्रांना.
सकाळी सहाला पाळी बदलते,
ओले बूट झटकत दीडेकशे फोन एकदम आत येतात,
आणि प्रत्येकाला लगेच एक आकडा हवा असतो.
दोनशे चोपन्न आकडे. त्यातले साठ राखीव.
बाकीच्यांना आठ तासांचा भाडेपट्टा,
मग मुकाट्याने पुन्हा विचारायचं.
कुणी तक्रार करत नाही. कुणाला माहीतच नसतं.

फेब्रुवारीत आकडे संपले.
लिथुएनियाहून, फिलिपीन्सहून नवी माणसं आली होती,
खिशात दोन-दोन फोन,
एक इथला, एक घरचा.
घरचे दाराशीच ताटकळले.
साहेब म्हणाले, रान्वा, राखीवमधले मेलेले काढून टाक.

यादी होग्नीची.
एकोणीस वर्षं याच खुर्चीत बसलेला माणूस.
लेबलांचा प्रिंटर. बर्फाचं यंत्र, जुनं.
बर्फाचं यंत्र, नवं, तेही आता जुनं.
आणि सत्तेचाळीसपुढे नुसतंच: हात लावू नये.
ना नाव ना गाव.
आठवडाभर रोज पिंग केलं,
थांगपत्ता नाही.
होग्नीला विचारावं, तर तो ऑगस्टपासून
चर्चमागच्या उतारावर, न बदलणाऱ्या पत्त्यावर.

शुक्रवारी सत्तेचाळीसचा पत्ता कट केला.
तासाभरात तो लुझविमिंदाच्या फोनला मिळाला,
नोंदीत दिसलं मला.
तिला कशाला दिसेल?
ती इलोइलोतल्या लेकीचा दात पाहत होती,
पडलेला.

मंगळवारी वादळात समुद्र धक्का ओलांडून आला.
तळघरात काहीतरी जागं झालं,
त्याने पत्ता मागितला,
मी आखून दिलेल्या नियमाने त्याला मिळाला एकशे बारा,
आणि ते ओरडू लागलं.
वरचा धोक्याचा दिवा मात्र
फक्त सत्तेचाळीसचं ऐकायला शिकलेला.
टोकी खोकी आणायला खाली उतरला
तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होतं.

रात्री पावणेतीनला नियम परत लिहिला.
त्यासाठी एका फोनला मध्येच तोडावं लागलं.
तिकडे सकाळ होती, शाळेची वेळ.
चार सेकंदांत तिला दुसरा आकडा मिळाला, एवढंच.
पण चार सेकंद कुणीतरी
हॅलो, हॅलो म्हणत राहिलं असणार.

सत्तेचाळीसपुढे आता लिहिलंय:
तळघरातला पंप. पाणी आलं तरच बोलतो.
होग्नीची ओळ पुसायला गेले,
आणि तशीच ठेवली.