गोठवणीतला एक तास

फेब्रुवारीच्या बारा तारखेला आम्ही दार लोटलं.
कुलूप नाही, नुसती कडी.
आता नवं काही आत येणार नाही,
आहे तेच सात आठवडे वाजवून पाहायचं,
कुंभाराच्या दारी मडकं वाजवतात तसं.

लिएपायाच्या बंदरात मी दिवसा ट्रक तोलतो
आणि रात्री विनंत्या.
एक्केचाळीस आल्या. सगळ्या लहान. सगळ्या शेवटच्या.
भरल्या गाड्याला सूप जड नाही, म्हणतात.
गाड्याला नसेल.
आसाला कुणी विचारलंय?

मीही विचारलं नव्हतं, मागच्या खेपेला.
एका भल्या माणसाची इवलीशी सुधारणा
कडी काढून आत घेतली
आणि प्रकाशनाच्या सकाळी
कुठकुठल्या शाळांमधले प्रिंटर मुके झाले.
तेव्हापासून ताक फुंकतो.
तालिवाल्दिसनं चार महिने घडवलेली आवृत्ती
दोन दिवस उशिरा आणली.
मी लिहिलं, पुढच्या वेळी.
त्याचं उत्तर आलं नाही.
त्याचं नाव आता यादीत नाही.

मग ऐझामालचं पत्र.
दूर डोंगरांपलीकडच्या इस्पितळात
रक्त गाळणाऱ्या यंत्रांचं वेळापत्रक ती सांभाळते.
तिच्या सरकारनं मंगळवारी ठरवलं:
येत्या रविवारपासून देशातली घड्याळं एक तास पुढे.
"रुग्ण नव्या वेळेला येतील," ती लिहिते,
"यंत्रं तुमच्या वेळेला सुरू होतील.
तुमची गोठवण आमच्या सरकारला
कुणी कळवली नव्हती."
खाली एक हसरा चेहरा.
तो जास्त लागला.

नव्या आवृत्तीत तिची ओळ होती
आणि तिच्यासोबत नऊशे दुसऱ्या.
कुणी फायली हलवलेल्या, कुणी नावं बदललेली,
वऱ्हाडच ते, एका नवरीमागे अख्खं गाव.
विझ्मा म्हणाली, नवरी तेवढी आण.

रात्रभर ती एक ओळ सोडवत बसलो.
जुन्यात घातली. ओढून पाहिली.
विझ्मानं तीनदा विचारलं, खात्री आहे?
मी तिन्ही वेळा नाही म्हणालो
आणि चौथ्यांदा कडी काढली.

सोमवारी ऐझामालनं कळवलं:
पहिली खुर्ची, सकाळी सहा, वेळेवर.
बस, एवढंच.

तालिवाल्दिसला मी अजून लिहिलेलं नाही.
मसुदा पडून आहे, त्यातही
सारखं काहीतरी बदलावंसं वाटतं.

त्याच रविवारी आमचीही घड्याळं पुढे गेली होती म्हणे.
स्वयंपाकघरातलं माझं मागेच राहिलं.
काट्यावर पोचलो तर
ट्रकांची रांग फाटकाबाहेर,
इंजिनं चालू,
आणि पहिला ड्रायव्हर काच खाली करून
नुसता मनगटाकडे बोट दाखवत होता.